सुट्टीत लागलेले ‘बक्षीस’: कळंगुटमधील एका फसवणुकीचा अनुभव

लहान मुलांना घेऊन गोव्यात येणाऱ्या जोडप्यांनी, किनाऱ्यावर कोणी फुकटचे स्क्रॅच कार्ड पुढे केल्यास ते हातातही घेऊ नये, यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून आमच्याकडे फोंड्याला आली होती. मंगेशीचे आणि कवळ्याच्या शांतादुर्गेचे दर्शन झाले, रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्यही पाहून झाले. त्यानंतर समुद्रासाठी मुलांनी धरलेला हट्ट पुरवायला ती चौघे कळंगुटला गेली. आम्ही त्या दिवशी सोबत नव्हतो.

गाडी लावून उतरताच एक तरुण ‘दादा, वहिनी, सांगलीहून आलात का?’ असे विचारत पुढे आला. गाडीची पाटी एमएच १० ची, त्यामुळे यात चमत्कार काही नव्हता; आमच्या जीए ०५ पाटीच्या गाडीकडे हे दलाल ढुंकूनही पाहत नाहीत. पर्यटनाविषयी सर्वेक्षण चालू आहे असे सांगून त्याने जे विचारले, ते असे: दोघेही नोकरी करता का, क्रेडिट कार्ड आहे का, वर्षातून किती वेळा फिरायला जाता. मग त्याने दोन कार्डे काढली आणि ती मोठ्यांना न देता माझ्या ६ वर्षांच्या भाचीच्या हातात दिली, वर खरवडायला स्वतःच्या खिशातले नाणेही दिले. एका कार्डात टी-शर्ट निघाला आणि दुसऱ्यात सात रात्रींचा मोफत मुक्काम. मुलगी आनंदाने उड्या मारत असताना तिच्या हातातले कार्ड परत करून चालू लागणे कोणत्याही आईबापांना जड जाते, हे त्या तरुणाला पक्के ठाऊक असणार.

बक्षीस घेण्यासाठी जवळच्या एका हॉटेलात जायचे, टॅक्सी त्यांची, पाऊण तासात परत. अट एवढीच की नवरा-बायको दोघांनीही यायचे. या सगळ्या प्रकारात मला हीच अट सर्वांत बोलकी वाटते, कारण दोघांपैकी एकजण बाहेर राहिला तर ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून उठायला वाव राहतो. मुलांना रंगखडू देऊन कार्टून लावलेल्या खोलीत बसवले गेले आणि पाऊण तासाचे तीन तास झाले. विकले जात होते ते टाइमशेअरचे सदस्यत्व, म्हणजे पैसे आधी भरून दरवर्षी काही दिवस हॉटेलात राहण्याचा हक्क. समोरच्या कागदावर निळ्या मार्करने त्यासाठी साडेसहा लाखांचा आकडा लिहिला गेला, त्यावर काट मारून सव्वाचार आणि शेवटी ‘मॅनेजर’ म्हणवणाऱ्या गृहस्थांच्या कृपेने पावणेदोन लाख. अधूनमधून घंटा वाजे, टाळ्या पडत आणि कोणी तरी नवे कुटुंब ‘परिवारात’ आल्याची घोषणा होई. धाकटा भाचा भुकेने रडत होता, तरी कोणी पाणीही विचारले नव्हते. सही होताच सँडविच आले. उद्या विचार करून कळवतो असे मेहुण्यांनी दोनदा सांगून पाहिले, पण हा दर फक्त आजचाच, हे उत्तर ठरलेले होते. अखेर क्रेडिट कार्डवरून ६०,००० रुपये आगाऊ घेतले गेले आणि उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले.

रात्री फोंड्याला आम्ही सर्वांनी मिळून तो करार वाचला. ‘कधीही, कुठेही’ असे तोंडी सांगितलेल्या मुक्कामापुढे कागदावर ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द होता. दिवाळी, नाताळ आणि मे महिना त्या दराच्या सदस्यत्वातून वगळलेला होता, म्हणजे ज्यांची मुले शाळेत जातात त्यांना हे सदस्यत्व वापरता येईल असे दिवस जवळजवळ उरतच नव्हते. वार्षिक देखभाल शुल्क मात्र मुक्काम केला नाही तरी भरायचे होते. बक्षिसाच्या सात रात्रींवरही कर आणि सेवाशुल्क लावलेले होते. आणखी एका कलमानुसार लेखी मजकुराखेरीज कोणतेही तोंडी आश्वासन कंपनीवर बंधनकारक नव्हते, आणि आपल्यावर दबाव आणला गेला नाही, अशा विधानापुढे बरोबरची खूण करून मेहुण्यांची सही घेतलेली होती.

टाइमशेअरसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे असे करार परत फिरवता येत नाहीत असा समज आहे. तो खरा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, देण्याचा हेतू नसताना बक्षीस देऊ करणे आणि ज्याची किंमत व्यवहारात वसूल होते ते फुकट असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे येतात. एकतर्फी करारांचाही त्यात स्वतंत्र विचार आहे. आम्ही त्याच रात्री करार रद्द करत असल्याचा ई-मेल पाठवला, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर रजिस्टर्ड पोस्टाने धाडला, कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराविषयी लेखी हरकत नोंदवली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. अशा व्यवहारानंतर तोंडी बोलणी करत बसण्यात दिवस घालवू नयेत, कारण अनेक करारांत रद्द करण्याची मुदत मोजक्या दिवसांचीच असते आणि समोरची मंडळी गोड बोलून नेमके तेच दिवस काढून नेतात.

कंपनीने पैसे परत न करता ‘पुढच्या योजनेत वळते करून’ देण्याची तयारी दाखवली, तेव्हा मेहुण्यांनी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येत असल्याने गोव्यात खेपा घालाव्या लागत नाहीत, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कागदावरचे ते काट मारलेले आकडे बहिणीने निघताना मोबाइलवर टिपून ठेवले होते. दर कसा खाली आणला गेला हे दाखवणारा तोच एक पुरावा आमच्याकडे आहे.

तक्रार चालू असतानाच मेहुण्यांना एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. सदस्यत्व चढ्या भावाने विकून देतो, फक्त जीएसटीची रक्कम आधी भरा, असे सांगणाऱ्या त्या माणसाकडे सदस्यत्वाचा क्रमांक आणि मुलांची नावेही होती. मेहुण्यांनी काहीही भरले नाही आणि तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील, संशयास्पद फोन कळवण्याच्या ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवला. ज्यांचे पैसे अशा फोनमुळे खरोखर गेले असतील, त्यांनी मात्र १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी कळवले तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते.