ट्विस्टवाल्या जॉयस्टिकवर मोठ्या जेटचा टेकऑफ: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मी विमानं उडवतो, त्याच जॉयस्टिकबद्दल हे. तिचे स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, बटणं किती नि वायर केवढी ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते फक्त ट्विस्टबद्दल, म्हणजे दांडा पिळून रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची पट्टी) मारायची सोय, कारण मोठ्या जेटचा टेकऑफ तिच्यावरच चालतो आणि नेमकी तीच आधी गेली.

सुरुवातीला मस्त चाललं. फ्लायबायवायर या गटाने सिम्युलेटरसाठी केलेलं एअरबस ए३२० फुकट मिळतं, आणि इतकं निगुतीनं केलंय की पैसे मागितले असते तरी दिले असते. इंजिनं ५० टक्के एन१ ला (म्हणजे पुढच्या पंख्याच्या वेगाला) स्थिर करायची, मग थ्रस्टचा लिव्हर फ्लेक्सला (टेकऑफच्या, पूर्णपेक्षा कमी जोराच्या खुणेला), स्टिक अर्धी पुढे, ८० नॉटपासून सोडत सोडत १०० ला मधोमध. मुंबईच्या २७ नंबरच्या रनवेवरून संध्याकाळी हेच करत बसायचो. मग एकदा वारा शून्य ठेवूनही विमान डावीकडे ओढायला लागलं. सेटिंगमध्ये बघितलं तर हात न लावता रडरची रेघ उड्या मारतेय. आत पोटेंशिओमीटर (दांडा किती पिळला ते मोजणारा घासता भाग) असतो, तो घासून आणि धूळ बसून असाच खराब होतो.

विक्रेत्याला कळवलं तर म्हणे ड्रायव्हर परत टाका. टाकला. मग म्हणे विंडोजचा प्रॉब्लेम. मग म्हणे पाठवून द्या, कुरियरचा खर्च तुमचा, वॉरंटीत बसतं का ते उघडल्यावर सांगू. अहो व्हिडिओ पाठवला होता, त्यात सगळं दिसतंय! शेवटी आमच्या इथल्या रिपेअरवाल्याने कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दिला, थोडे दिवस बरं चाललं, परत तेच. डेड झोन, म्हणजे मधल्या ज्या हालचालीकडे सिम्युलेटर दुर्लक्ष करतो तो पट्टा, वाढवला की उड्या लपतात पण बारीक करेक्शनही गायब होतं, आणि ए३२० मध्ये रडरच्या पेडलने (माझ्याकडे ट्विस्टनेच) पुढचं चाक जेमतेम ६ अंश वळतं, तेही वेग वाढेल तसं कमी होत जातं, म्हणजे सगळं काम बारीक हालचालीचंच आहे.

तोवर वाटायचं की ट्विस्ट धड असता तर तक्रार नव्हती. आता तसं वाटत नाही. हॉल सेन्सरवाले, म्हणजे चुंबकाने हालचाल मोजणारे, जुने पेडल स्वस्तात मिळाले, त्या सेन्सरमध्ये घासणारा भागच नाही. पायाने रडर मारायला लागल्यावर लक्षात आलं की दांडा पुढे दाबून शिवाय पिळताना मनगट थोडं तिरपं होतंच, नकळत एलेरॉन (विमान कलतं करणारी पंखावरची पट्टी) जातो, पंखावरचे स्पॉयलर (हवा अडवणाऱ्या पट्ट्या) उठतात आणि विमान आणखी वाकडं पळतं. नवा ट्विस्ट आणला तरी हे जाणार नाही.

पेडलचा खरा फायदा म्हणजे मध्यरेषेवर खिळलेली नजर मोकळी झाली. आता पीएमडीजी कंपनीने सिम्युलेटरसाठी केलेलं बोइंग ७७७-३००ईआर फुल लोडने, ३५१ टनांच्या आसपास, उडवताना वेग कसा चढतोय ते बघता येतं आणि ते बघायलाच हवं. मार्च २००९ मध्ये मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४० साठी ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन वजन भरलं गेलं होतं, त्यामुळे टेकऑफसाठी काढलेला थ्रस्ट (इंजिनाचा जोर) आणि वेग दोन्ही कमी निघाले आणि शेपटी रनवेला घासली. म्हणून वजन दोनदा वाचतो, आणि ७४ मीटर लांबीचं हे धूड उचलताना स्टिक अगदी हळू ओढतो, सेकंदाला दोन-अडीच अंश, त्याहून घाई नाही.

जुने पेडल घ्यायचे असतील तर हॉल सेन्सर आहे का विचारा, आणि विकणाऱ्याकडे बसून कॅलिब्रेशनची रेघ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.