परदेशी ई-मेलमधील वेळेचा घोळ आणि ‘टाइम अँड डेट’ संकेतस्थळ

ज्यांचा परदेशातील लोकांशी नित्याचा पत्रव्यवहार आहे, त्यांना ‘मंगळवारी दुपारी ३.३०, आयएसटी’ ही ओळ ओळखीची असेल. भारतीय प्रमाणवेळ, आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळ या तिन्हींचे लघुरूप एकच असल्यामुळे, जुलै महिन्यात डब्लिनहून आलेल्या पत्रातील हे ३.३० आपल्याकडे रात्रीचे ८ असू शकतात. पाठवणारा इस्रायलमध्ये असेल आणि त्याने प्रमाणवेळच धरली असेल, तर संध्याकाळचे ७ होतात. पण तिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा केवळ सवयीने आयएसटी लिहिले असेल तर ६ वाजतात. हा गुंता सोडवण्यासाठी नॉर्वेतील स्टाव्हांगर येथून चालणारे ‘टाइम अँड डेट’ हे संकेतस्थळ मी कामात सतत वापरते आणि ते मला मनापासून भरवशाचे वाटते.

या भरवशाचे कारण असे, की बैठकीची वेळ ठरवण्याचे त्यांचे साधन शहर आणि तारीख या दोन्ही गोष्टी विचारते. शहरे निवडली की तासातासाचा तक्ता समोर येतो; त्यात कामाचे तास हिरवे, झोपेचे लाल आणि मधले पिवळे दिसतात, शेजारी यूटीसी, म्हणजे सर्व देशांच्या वेळा जिच्यावरून मोजतात ती जागतिक प्रमाणवेळही असते. तारखेचे महत्त्व ऑक्टोबरअखेरीस विशेष जाणवते. उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेतील मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२५ साली २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात मुंबई आणि लंडन यांतील अंतर साडेपाच तासांवर गेले होते, न्यूयॉर्कचे मात्र अजून साडेनऊच होते. ‘लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तास’ एवढे पाठांतर करून या आठवड्यात बैठक ठरवणाऱ्याचा हिशेब तासाभराने चुकतो. मार्चमध्ये तर ही तफावत दोन-तीन आठवडे टिकते.

तरीही ई-मेलच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय म्हणजे कार्यक्रमाची वेळ जाहीर करण्याचे साधन. कार्यक्रमाचे नाव, शहर, तारीख आणि वेळ भरली की एक दुवा तयार होतो आणि तो उघडणाऱ्याला जगभरातील शहरांच्या यादीत तीच वेळ त्या त्या ठिकाणच्या हिशेबाने दिसते. अनेक देशांतील लोकांना एकच पत्र पाठवणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हा दुवा द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. रूपांतराचे काम पन्नास जणांवर सोपवण्यापेक्षा ते एकाने करणे केव्हाही बरे.

संकेतस्थळ विनामूल्य वापरता येते, त्यामुळे पानांवर जाहिराती असतात. मराठीत ते उपलब्ध नाही. खरी मर्यादा वेगळीच आहे: पाठवणाऱ्याच्या मनात कोणती आयएसटी होती, हे कोणतेही साधन सांगू शकत नाही. लघुरूपांच्या यादीत तिन्ही अर्थ समोर ठेवलेले दिसतात, निवड मात्र आपल्यालाच करावी लागते. अशा वेळी पत्राचे मूळ रूप उघडून तारखेच्या ओळीत शेवटी +०१०० (यूटीसीच्या एक तास पुढे) आहे की +०५३० (साडेपाच तास पुढे), हे पाहावे. त्यावरून पाठवणाऱ्याच्या घड्याळाचा अंदाज येतो. पण काही सेवा तिथे सरळ यूटीसीच नोंदवत असल्याने तो अंदाजच राहतो, आणि शंका असेल तर ‘डब्लिनची वेळ का?’ असे विचारून घेणेच योग्य.

स्वतः पत्र लिहिताना दुव्याच्या जोडीला ‘डब्लिन वेळ १५.३०, यूटीसी+१’ एवढे पत्रातच लिहावे. फोनवर घाईत पत्र चाळणारे बरेच जण दुवा उघडतच नाहीत.