नवा 'स्पेक्ट्रम': झकास आहे, पण आमच्या घरचा नव्हे

भाचा लंडनला असतो, त्याच्याकरवी 'द स्पेक्ट्रम' मागवला. २०२४ च्या नोव्हेंबरात तिकडे बाजारात आलेलं यंत्र, किंमत ९० पौंडांच्या आसपास. १९८२ च्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची मूळ आकाराची नक्कल आहे: काळं अंग, कोपऱ्यात रंगीत तिरके पट्टे, करड्या रबरी कळा. एचडीएमआय केबल टीव्हीला लावली की सुरू. आत ४८ खेळ भरलेलेच आहेत, खेळ मध्येच सेव्ह करता येतो, आणि आपटलात तर थोडं मागेसुद्धा जाता येतं. जॉयस्टिक मात्र वेगळी विकत घ्यावी लागते.

नक्कल उत्तमच. पण रबरी कळांची आठवण इंग्रजांची. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन काढला तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', कडक प्लास्टिकच्या कळांचा, आणि आमच्याकडे तोच होता. प्लसला अवतरण चिन्हाची स्वतंत्र कळ असायची. कॅसेटवरून खेळ भरायला 'जे' दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा, मग अवतरण चिन्हाची कळ दोनदा, की कॅसेट सुरू. नव्या यंत्रात अवतरण चिन्हासाठी 'सिम्बॉल शिफ्ट' ही कळ धरून 'पी' दाबा. माझी बोटं अजून उजवी-डावीकडे ती कळ शोधतात!

आणि कॅसेट रेकॉर्डर जोडायची सोयच नाही. खेळ निवडला की लगेच हजर. स्क्रीनच्या कडेला नाचणाऱ्या निळ्या-पिवळ्या रेघा, तो कर्कश आवाज, शेवटच्या मिनिटाला 'टेप लोडिंग एरर', मग दादाने बारीक स्क्रूड्रायव्हरने रेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू पिळत बसणं... आईला त्या आवाजाचा भयंकर वैताग होता. तिच्या दृष्टीने नवं यंत्र सरस ठरलं असतं.

मला खेळांपेक्षा बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा नाद होता, आणि ते इथे जसंच्या तसं आहे. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं स्वतः घडवता यायची, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. दादा आणि मी गणिताच्या चौकटीच्या वहीत मराठी अक्षरं रंगवायचो, मग एकेक ओळ शून्य-एकात टाइप करायचो. सगळी ओळ भरलेली म्हणजे आठ एक, आकड्यात २५५; तीच शिरोरेषा. 'आ' झकास जमला. 'ई'ने घोळ घातला, कारण डोक्यावरच्या रफाराला जागा हवी. शिरोरेषा दोन ओळी खाली घ्यावी लागली, आणि ती सलग दिसावी म्हणून मग 'आ'लाही खाली ओढला. पोटाला उरल्या पाचच ओळी. 'आ' पार बसका झाला. एकवीस जागांत बाराखडी मावणं शक्यच नव्हतं, जोडाक्षरांचं तर नावच काढू नका. घरातल्या माणसांच्या नावांपुरती अक्षरं मात्र बसवली होती.

परवा तेच आकडे या यंत्रात टाकले. मोठ्या टीव्हीवर 'आई' आली, बसकीच, पण कडा एकदम रेखीव.

नुसते खेळच हवे असतील तर ते फुकटच्या एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर), आहे त्या लॅपटॉपवर चालतात. त्यासाठी एवढे पैसे घालू नका. बेसिकमध्ये हात घालणार असाल तर जरूर घ्या. आणि कुणाकडे माळ्यावर जुना प्लस पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला विचारा.