खारा की होसा: कोणाची कारकीर्द आधी पाहावी?

आइस हॉकीचे नियम बऱ्यापैकी ठाऊक आहेत, एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख आइस हॉकी लीगचे) चालू सामने अधूनमधून पाहिले जातात आणि आता एखाद्या स्लोव्हाक खेळाडूची कारकीर्द जुन्या चित्रणांतून क्रमाने पाहावी, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे शेवटी बहुधा दोन नावे उरतात: झ्देनो खारा आणि मारियान होसा. मारियान गाबोरिकही कमी प्रतीचा नव्हे. परंतु दुखापतींनी त्याच्या कारकिर्दीचे इतके तुकडे केले आहेत की नवख्याने तिथून सुरुवात करू नये, असे मला वाटते.

खारा आणि होसा दोघेही स्लोव्हाकियातल्या त्रेन्चीन शहराचे. खाराचा जन्मच तिथला, तर होसाचा स्तारा ल्युबोव्न्याचा. पण तो वाढला आणि घडला त्रेन्चीनमध्येच. २००१ ते २००४ या काळात ते ओटावा सेनेटर्समध्ये एकत्र खेळले, त्यामुळे ओटावाचे त्या वर्षांतले सामने पाहिल्यास निवड काही काळ पुढे ढकलता येते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

खाराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९९६ साली एनएचएलच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतला गेलेला हा उंच, काहीसा अवघडलेला मुलगा पुढे बॉस्टन ब्रुइन्सचा २००६ पासून चौदा हंगाम कर्णधार राहिला, २००९ मध्ये त्याने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळवला आणि २०११ मध्ये एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप उंचावला. बचावपटू म्हणून एनएचएलमध्ये सर्वाधिक म्हणजे १,६८० सामने त्याच्याच नावावर आहेत. २०१९ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यात जबडा मोडल्यानंतर पाचव्या सामन्याला तो चेहरा पूर्ण झाकणारे कवच लावून उतरला, तेव्हा बॉस्टनच्या प्रेक्षकांनी केलेला गजर अवश्य ऐकावा. चौदा हंगाम सलग एकाच संघाची जर्सी, एकच शहर, एकच भूमिका: क्रमाने पाहणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

तरीही मला खारा सोडावा लागला तो एका कटकटीमुळे, आणि ती त्याच्या खेळातली मुळीच नाही. जुने सामने आपल्याला सहज मिळतात ते आठ-दहा मिनिटांच्या कापलेल्या चित्रणांत, आणि खाराचे उत्तम काम नेमके त्या कापाकापीत जाते. प्रतिस्पर्धी आघाडीपटू कडेने पक (खेळातली रबरी चकती) घेऊन येतो. खारा त्याच्यावर धावून जात नाही, उलटा सरकत राहतो आणि आपली लांब स्टिक (त्याच्या उंचीच्या खेळाडूंना नेहमीपेक्षा लांब स्टिकची मुभा असते) आतल्या बाजूला पसरून गोलकडे जाणारी वाट बंद करतो. समोरचा नाइलाजाने भिंतीकडे वळतो, पक कोपऱ्यात ढकलतो आणि प्रसंग तिथेच संपतो. गोल नाही, जोरदार फटका नाही, मारामारी नाही. मग संकलकाने ते का ठेवावे? मागे उरतात त्याच्या मारामाऱ्या, २०१२ च्या ऑल स्टार कौशल्य स्पर्धेतला ताशी १०८.८ मैलांचा विक्रमी फटका आणि समालोचकांनी त्याच्या २०६ सेंटिमीटर उंचीचा दर वेळी नव्याने केलेला उल्लेख. चित्रणामागून चित्रणे पाहूनही हा माणूस एवढा मोठा बचावपटू का मानला जातो ते मला दिसेना. ते उमगले पूर्ण सामने हाती आल्यावर, आणि असे सामने सगळ्यांना मिळतील याची खात्री देता येत नाही.

होसाच्या बाबतीत ही अडचण फारशी आली नाही. आघाडीपटू असूनही तो मागे येऊन बचाव करण्यासाठी नावाजला गेला, पण त्याचा बचाव आक्रमणाच्या पोटातच असतो. समोरच्या कोपऱ्यात पक गेला की तो वळतो, मोजक्या दमदार पावलांत पक नेणाऱ्याला मागून गाठतो, त्याची स्टिक अलगद उचलून पक काढून घेतो आणि त्याच ओघात पुन्हा पुढे निघतो. त्यातून गोल झाला, तर चित्रण बहुधा त्या हिसकावणीपासूनच सुरू होते. नऊ मिनिटांच्या तुकड्यातही माणूस पुरता कळतो.

त्याच्या कारकिर्दीतही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. ओटावानंतर अटलांटा, तिथून २००८ मध्ये पिट्सबर्ग, तिथे डेट्रॉइटकडून अंतिम मालिकेत हार. मग स्वतः डेट्रॉइटमध्ये जाऊन २००९ मध्ये पिट्सबर्गकडूनच हार. आणि त्यानंतर शिकागो. या धावपळीत कोणाची बाजू घ्यावी तेच कळेनासे होते. शेवटही अपुरा वाटतो: २०१६-१७ च्या हंगामात २६ गोल केल्यानंतर त्वचेचा विकार आणि त्यावरच्या औषधांचे दुष्परिणाम यांमुळे तो पुन्हा बर्फावर उतरलाच नाही. मात्र २०१०, २०१३ आणि २०१५ अशा तीन स्टॅनली कपांमुळे आधीच्या दोन पराभवांना जी गोडी येते, ती खाराच्या अधिक सरळ वाटचालीत मला तितकीशी सापडली नाही. ज्यांना बचावपटूंचीच आवड आहे, त्यांचे मत अर्थातच वेगळे पडू शकेल.

होसापासून सुरुवात करायची झाल्यास २०१० च्या बाद फेरीतला शिकागोचा नॅशव्हिलविरुद्धचा पाचवा सामना आधी काढावा. शिकागो एका गोलने मागे असताना, सामना संपायला जेमतेम मिनिट उरले असता होसाला पाच मिनिटांची शिक्षा होते. एक खेळाडू कमी असूनही पॅट्रिक केन बरोबरी साधतो आणि जादा वेळेत शिक्षा संपवून बाहेर पडलेला होसाच काही सेकंदांत विजयी गोल करतो. त्यानंतर २०१३ ची शिकागो-बॉस्टन अंतिम मालिका घ्यावी. तिच्यात दोघे समोरासमोर आहेत; तिसऱ्या सामन्यात मात्र पाठीच्या दुखण्यामुळे होसा नाही, तेव्हा तो सामना खारासाठी राखून ठेवावा आणि शक्य असल्यास पूर्ण पाहावा.