सगळं कंटेनरमध्ये, की फक्त डेटाबेस?

गेल्या महिन्यात आमच्या अंधेरीच्या टीममध्ये एक मुलगी रुजू झाली. हातात ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, घर डोंबिवलीला. तिने विचारलं, "दादा, सगळं डॉकरमध्ये चालवू की नेहमीसारखं इन्स्टॉल करू?" डॉकर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

सगळं थेट लॅपटॉपवर बसवणं वाईट नाही. एकट्याचं काम आणि प्रोजेक्टही एकच असेल तर कंटेनरच्या वाटेला जाऊ नका. वेग पूर्ण मिळतो, डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) सरळ जोडता येतो. पंचाईत होते दुसरं प्रोजेक्ट आल्यावर. एकाला पोस्टग्रेस या डेटाबेसची आवृत्ती १४ हवी, दुसऱ्याला १६. कंटेनरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी चालतात, एक ५४३२ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक), दुसरं ५४३३ वर. मात्र त्याच व्हॉल्यूमवर (कंटेनरचा डेटा टिकून राहतो ती जागा) इमेजचा (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) आकडा १४ वरून १६ केलात तर डेटाबेस सुरूच होणार नाही. तो डेटा आधी डंप करून (फाइलीत काढून) नव्या आवृत्तीत भरावा लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे ॲप, डेटाबेस, रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारी झटपट साठवण) सगळं एका कंपोज फाइलमध्ये, म्हणजे सगळे कंटेनर एकत्र मांडणाऱ्या फाइलमध्ये. 'डॉकर कंपोज अप' म्हटलं की अख्खं बिऱ्हाड उभं राहतं. टीममध्ये माणसं येत-जात असतील तर याला तोड नाही. पण लॅपटॉप कुठला, यावर बरंच ठरतं. लिनक्सवर कंटेनर तिथलाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतात, म्हणून हलके राहतात. विंडोज आणि मॅकवर मात्र त्यांच्यासाठी आत एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालतं, आणि रॅम तिथे जाते. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ काही न बदलताही निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. ८ जीबीमधले ४ तिकडे गेले की क्रोम आणि एडिटरला काय उरणार? ही मर्यादा डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये कमी करता येते. ती पहिल्याच दिवशी करून टाका.

त्याहून जास्त छळते ती फाइलींची जागा. कोड सी ड्राइव्हवर आणि कंटेनर लिनक्समध्ये असेल तर प्रत्येक फाइल वाचताना मधली भिंत ओलांडावी लागते. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) मॉड्यूलमधल्या हजारो बारीक फाइलींमुळे हे लगेच जाणवतं. शिवाय फाइल बदलल्याची खबर पलीकडे पोचत नाही, त्यामुळे सेव्ह केलं तरी पान आपोआप ताजं होत नाही. उपाय साधा आहे: रेपो (प्रोजेक्टच्या कोडचं कोठार) डब्ल्यूएसएलच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा. मॅकवर मॉड्यूलचं फोल्डर वेगळ्या व्हॉल्यूममध्ये ठेवलं की बराच फरक पडतो.

माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे, आणि तिलाही मी तीच सुचवली. डेटाबेस आणि रेडिस कंटेनरमध्ये, आपला कोड लॅपटॉपवर. बसवायला कटकटीचं ते बंदिस्त, रोज हात लागतो ते मोकळं. डोंबिवली ते दादर हॉटस्पॉट दहा वेळा तुटतो. अशा वेळी एखादं पॅकेज वाढवलं म्हणून सगळी इमेज पुन्हा बांधत बसणं परवडत नाही. या वाटेची किंमत एवढीच की नोड किंवा पायथनची आवृत्ती सगळ्यांनी जुळवून ठेवावी लागते. ती रेपोमधल्या एका फाइलीत लिहून ठेवा.

कोड लॅपटॉपवरून कंटेनरमध्ये किंवा उलट हलवलात तर डेटाबेसचा पत्ता बदलतो, आणि नवखे इथेच अडकतात. कोड लॅपटॉपवर असेल तर पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे हाच लॅपटॉप. कोडही कंटेनरमध्ये गेला की लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः; तेव्हा कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव द्यायचं. कंपोजमध्ये ॲपसाठी 'डिपेंड्स ऑन' (आधी डेटाबेस सुरू कर) नुसतं लिहून भागत नाही. डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच ते बघतं, तो जोडणी घ्यायला तयार आहे का ते नाही. त्यासाठी हेल्थचेक जोडावा लागतो.

डॉकर की पॉडमन (कंटेनर चालवणारं दुसरं साधन), हा प्रश्न ऐरोली-पवईच्या मोठ्या कंपन्यांत जास्त महत्त्वाचा. २०२१ पासून डॉकर डेस्कटॉप व्यवसायासाठी फुकट वापरायचं तर कर्मचारी २५० पेक्षा कमी आणि वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मुक्त आहे, ते डब्ल्यूएसएलमध्येही बसतं. मॅकवाल्यांना डॉकर डेस्कटॉपऐवजी कोलिमा आहे. पॉडमनला मागे सतत चालणारी सेवा लागत नाही आणि रूटशिवाय (प्रशासकाच्या अधिकारांशिवाय) काम होतं. फक्त १०२४ खालचे पोर्ट तसे उघडत नाहीत, म्हणून ८० ऐवजी ८०८० धरा.

आणि बीकेसीतल्या एखाद्या को-वर्किंगच्या वायफायवर बसणार असाल तर कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (लोकलहोस्टचाच आकडी पत्ता) लिहायला विसरू नका. नुसता पोर्ट दिला तर तो सगळ्या नेटवर्कसाठी उघडतो, आणि लोकल डेटाबेसचा पासवर्ड आपण सगळेच सोपा ठेवतो.