पत्र्याचा कूलर : नागपूरच्या उन्हाळ्यात परवडणारा थंडावा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इतके ऊन दरवर्षी पडत नसले, तरी एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत दुपारी ४२ ते ४५ अंशांची झळ येथे ठरलेलीच असते. त्यामुळे एसी घ्यावा की कूलर, हा प्रश्न विदर्भात हौसेपेक्षा विजेच्या बिलाच्या अंगाने विचारला जातो. आमच्या घरी बैठकीच्या खोलीला शहरातल्याच एका कारखान्यात तयार झालेला, १८ इंची पंख्याचा आणि तीन बाजूंनी ताट्या (पाण्याने भिजवायचे वाळ्याचे किंवा भुशाचे पॅड) असलेला पत्र्याचा कूलर लावलेला आहे. त्याच्या वापरावरून बनलेले मत येथे मांडत आहे.

प्रथम पैशांचे पाहू. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून हा कूलर सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे रोज दहा तास चालवला तर महिन्याला ६० युनिट होतात. दीड टनाचा एसी वैशाखातल्या दुपारी तासाला सहज एक युनिट किंवा त्याहून अधिक वीज खातो, त्यामुळे तितक्याच वापरात तो ३०० युनिटांच्या पुढे जातो. खरी मेख महावितरणच्या दरांच्या टप्प्यांत आहे. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा आणि ३०१ पासून आणखी चढा, अशी ती रचना असल्याने दिवे, फ्रिज आणि पंख्यांवर १२० युनिट खर्च करणारे घर कूलर लावूनही दुसऱ्याच टप्प्यात राहते, तर एसी लावल्यास त्याचे शेवटचे शंभरेक युनिट थेट तिसऱ्या टप्प्याच्या दराने आकारले जातात.

एवढ्या कमी विजेत गारवा येतो, कारण उष्णता शोषण्याचे काम पाणी करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता हवेतून ओढली जाते. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना, ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कूलरमधून २८ ते ३० अंशांची हवा येते. मात्र ही ओलसर हवा खोलीतून बाहेर पडायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावीच लागते. एसीच्या सवयीने दारे-खिडक्या गच्च लावून बसणाऱ्यांना अर्ध्या तासात घामाची चिकचिक सुरू होते आणि मग दोष कूलरच्या माथी मारला जातो.

कंपनीचे प्लास्टिकचे कूलर दिसायला देखणे आणि आवाजाला कमी असले, तरी मोठ्या खोलीला पत्र्याचाच कूलर पुरा पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याचा पंखा मोठा असतो, तो खिडकीबाहेर घोडीवर (स्टँडवर) बसवता येतो आणि बिघडलेला कोणताही भाग गल्लीतल्या मिस्त्रीकडे तासाभरात बदलून मिळतो. घेताना मोटर तांब्याच्या वाइंडिंगची आहे ना, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. टाकीचा तळ आतून डांबराने किंवा रंगाने नीट माखलेला आहे का, हे हात फिरवून पाहावे, कारण गंज तेथूनच लागतो. आमच्या कूलरबरोबर आलेला पंप पहिल्याच हंगामात जळाला आणि विक्रेत्याने पंपाला हमी नसते, असे सांगून हात झटकले. त्याची किंमत फार नसली, तरी ऐन उन्हाळ्यातली ती रात्र महागात पडली.

ताट्यांच्या बाबतीत वाळ्याला तोड नाही. पहिले पाणी पडताच जो सुवास येतो, तो भुशाच्या ताटीला येत नाही; परंतु साधी ताटी स्वस्त असते आणि दरवर्षी बदलणे जिवावर येत नाही. मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार पॅड अधिक वर्षे टिकतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कोणत्याही ताटीवर पांढऱ्या क्षारांचा थर चढतो आणि हवा अडते, म्हणून टाकीत शक्यतो नळाचे पाणी भरावे. पाणी मात्र भरपूर लागते. भर दुपारी टाकी भराभर उतरते, त्यामुळे दिवसाआड नळ येणाऱ्या वस्तीत बचतीचा हा हिशोब वेगळा मांडावा लागेल.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. पत्र्याच्या अंगात वीज उतरण्याचा धोका खरा असून विदर्भात कूलरच्या धक्क्याने दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. तीन पिनांचा प्लग, घरातले चालू अर्थिंग आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढणे, एवढे कटाक्षाने पाळता येणार नसेल तर प्लास्टिकचाच घ्यावा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या वाचकांनी हा अभिप्राय वाचून कूलर मागवू नये. तेथील दमट हवेत पाण्याची वाफ फारशी होत नाही, तापमान जेमतेम तीन-चार अंशांनी उतरते आणि भिंतींना ओल धरते. आमच्याकडेही पहिला दमदार पाऊस पडला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा लागतो. घ्यायचाच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावा. मे महिन्यात भाव चढलेले असतात आणि मिस्त्री फोन उचलत नाहीत.