ओल्या कचऱ्याची पिशवी: कंपोस्टेबल, ऑक्सो की नुसती बादली?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पिशवीवरून जुंपली, तेव्हा टेबलावर दोन नमुने होते. दोन्ही हिरवे, दोन्हींवर पान छापलेलं. एकावर ‘कंपोस्टेबल’, दुसऱ्यावर ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’. दिसायला जुळ्या बहिणी, पण नातं काही नाही.

ऑक्सोचं आधी उरकतो. ते आपलं साधं पॉलिथिनच. त्यात कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंचे क्षार घालतात, म्हणून उन्हात ते लवकर ठिसूळ होतं आणि त्याचा भुगा पडतो. पण भुगा पडणं म्हणजे कुजणं नव्हे. पॉलिथिनची लांबलचक कार्बन साखळी तोडायला जिवाणूंकडे धड हत्यारच नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून ऑक्सो प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कंपोस्टेबलचं प्रकरण खरं आहे, पण अटी आहेत. ही पिशवी बहुधा स्टार्च आणि पीबॅट नावाच्या पॉलिएस्टरची असते. त्या पॉलिएस्टरचे सांधे पाणी आणि विकरं (एन्झाइम्स) मिळून तोडतात. सुटे झालेले तुकडे जिवाणू-बुरशी खातात. आयएस १७०८८ या मानकानुसार १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. मात्र ही चाचणी होते ५८ अंशांच्या आसपास, गरम खतात.

आपलं खत तेवढं तापतं का? आमच्या ड्रममध्ये मी थर्मामीटर खुपसून पाहिला. पहिल्या आठवड्यात पारा ५५ ला टेकला, मग उतरून चाळिशीच्या खाली आला. अडीच महिन्यांनी खत चाळलं, तर पिशवी गेली होती. उरली होती तिची गाठ, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखी.

तापलेल्या ढिगाबाहेर हिशेब आणखी बिघडतो. प्लायमाउथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत पुरलेली २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन पेलेना. ऑक्सो पिशवी तर माती आणि समुद्रात तीन वर्षं राहूनही बाजार भरून नेण्याइतकी धड होती. खाडीकाठी तिवरांच्या मुळ्यांत अडकलेल्या चिंध्या पाहिल्या की यात नवल वाटत नाही.

तिसरा पर्याय बादलीचा: तळाला वर्तमानपत्र, रोज धुवायची. कंटाळवाणं आहे, कबूल. पावसाळ्यात वास येतो, आणि सहाव्या मजल्यावरून लिफ्टमध्ये थेंब सांडले की शेजारच्या काकूंचा फोन ठरलेला. पण कुजायला वेगळं काही उरत नाही.

तेव्हा तुमचा ओला कचरा घंटागाडीत जात असेल तर बादलीच बरी. पुढे पिशवी खतात जाईल की डम्पिंग ग्राउंडच्या ढिगाखाली, हे तुमच्या हातात नाही. सोसायटीत ड्रम असेल आणि कुणी तो नेमाने ढवळत असेल, तर मासळीच्या दिवसापुरती कंपोस्टेबल चालेल. घेताना तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का, ते बघा. पान काय, कुणीही छापतं.

आणि टाकताना गाठ मारू नका.